तळहातावरचा टीव्ही गेम

जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटमधले खेळ आज पुन्हा खेळायचे तर काय करावं? असं विचारणाऱ्याला हल्ली एक उत्तर हमखास मिळतं: रास्पबेरी पाय घे, त्यात मेमरी कार्ड घाल, झालं. उत्तर चुकीचं नाही. पण रास्पबेरी पाय म्हणजे तळहातावर मावणारा एक संगणक-बोर्ड; त्यात ना कॅसेट बसवायची खाच असते, ना जुन्या यंत्रातली एखादी चिप. मग १९८५ सालचा मारिओ त्यावर धावतो कसा? आणि हा बोर्ड जुन्या यंत्राच्या शेकडो पट वेगवान असूनही कधी आवाज तडतडतो, कधी बटण दाबल्यावर उडी जराशी उशिरा पडते, ती का?

या दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. जुनं गेमयंत्र ताकदीवर चालत नव्हतं, वेळेच्या शिस्तीवर चालत होतं. नव्या बोर्डाला ती शिस्त पाळून दाखवावी लागते. हे एकदा समजलं की सामान कोणतं घ्यायचं आणि बिघाड कुठे शोधायचा, हे आपोआप उलगडत जातं.

१. जुन्या डब्यात काय होतं?

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हे गेमयंत्र बाजारात आणलं. अमेरिकेत ते पुढे ‘एनईएस’ या नावाने गेलं. नव्वदच्या दशकात भारतातल्या घरांत जे टीव्ही गेम दिसायचे, त्यांतले बरेचसे म्हणजे याच यंत्राच्या निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या नकला. ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेल्या कॅसेटी त्यांच्यासोबत यायच्या. यादी लांबलचक, पण खेळ मोजकेच. तेच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी फुगवलेली असायची.

डब्यात मुख्य चिपा दोन. एक हिशेब करणारी, म्हणजे प्रोसेसर. दुसरी पडद्यावर चित्र काढणारी. प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांवर चालायचा. ठोका म्हणजे चिपच्या घड्याळाची एक टिकटिक. प्रत्येक काम ठरावीक टिकटिकींत होतं. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ, म्हणून या प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ. त्याला कामापुरती स्मृती, म्हणजे रॅम, होती फक्त २ किलोबाइट: २,०४८ आकडे मावतील एवढी जागा. मारिओ कुठे आहे, किती नाणी झाली, कोणतं कासव उलटलं, ही सगळी नोंद एवढ्यात बसवायची.

२. कॅसेटची फाइल कशी होते?

या कॅसेटमध्ये फीत नसायची. आत एक छोटा सर्किट बोर्ड आणि त्यावर कायमस्वरूपी लिहिलेल्या चिपा असायच्या. अशा न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीला रॉम म्हणतात. गेमच्या फाइललाही लोक ‘रॉम’च म्हणतात, ते यावरून.

चिपमधली माहिती क्रमांक दिलेल्या खणांत असते. खणाचा क्रमांक कळवला की चिप त्यातला आकडा बाहेर देते. कॅसेट वाचणारं छोटं उपकरण हेच करतं: शून्यापासून शेवटपर्यंत एकेक क्रमांक विचारायचा आणि मिळालेले आकडे संगणकावर लिहून घ्यायचे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या कॅसेटमध्ये खेळाच्या सूचना ३२ किलोबाइट आणि चित्रं ८ किलोबाइट, एकूण ४० किलोबाइट, म्हणजे ४०,९६० आकडे. इतकी कमी जागा की ढग आणि झुडपं यांना वेगळी चित्रं देणंही परवडलं नाही. एकच आकृती पांढरी केली की ढग, हिरवी केली की झुडूप.

मात्र या खेळाची फाइल ४०,९७६ बाइटची असते. वरचे १६ बाइट माहितीपट्टीचे. त्यात कॅसेटच्या आतलं सर्किट कोणत्या जातीचं आहे, ते लिहिलेलं असतं. याची गरज अशी: जुन्या प्रोसेसरला कॅसेटमधल्या सूचनांचे ३२ किलोबाइटच एका वेळी दिसत. १९८८ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ ३८४ किलोबाइटचा होता. म्हणून त्याच्या कॅसेटमध्ये जादा चिप घालून, हवा तो भाग प्रोसेसरसमोर आणायची सोय केलेली होती. ही सोय कॅसेटनिहाय बदलत असे. माहितीपट्टी चुकली तर फाइल धडधाकट असूनही पडदा काळाच राहतो.

३. न कळणारी भाषा बोर्ड कशी वाचतो?

फाइल मिळाली, पण तिच्यातल्या सूचना जुन्या प्रोसेसरच्या भाषेत आहेत. रास्पबेरी पायचा प्रोसेसर वेगळ्या घराण्याचा. त्याला ती भाषा येत नाही. इथे एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम कामाला येतो.

घरातले मोडी लिपीतले जुने कागद वाचून घ्यायला आपण मोडीच्या जाणकाराकडे जातो. तो एकेक ओळ वाचतो, अर्थ सांगतो, मग पुढच्या ओळीकडे वळतो. एम्युलेटरही एकेक सूचना असाच वाचतो आणि जुन्या प्रोसेसरने जे केलं असतं, तेच करून दाखवतो.

उदाहरण म्हणून फाइलमधले चार आकडे घेऊ: १६९, ५, १३३, १६. एम्युलेटर १६९ वाचतो आणि आपल्या तक्त्यात पाहतो. अर्थ: ‘पुढचा आकडा हाती घे’. पुढचा आकडा ५, तो घेतला. मग १३३, म्हणजे ‘हातातला आकडा पुढे दिलेल्या क्रमांकाच्या खणात ठेव’. पुढे आहे १६, म्हणून सोळा क्रमांकाच्या खणात ५ ठेवले. पण काम इथे संपत नाही. खऱ्या यंत्रात पहिल्या सूचनेला २ ठोके लागत, दुसरीला ३. एकूण ५ ठोके सरले, अशी नोंद एम्युलेटर करतो. ही नोंद का महत्त्वाची, ते पाचव्या भागात कळेल.

४. शेकडो पट वेग कुठे खर्च होतो?

आता थोडी आकडेमोड. रास्पबेरी पाय ४ हा बोर्ड जून २०१९ मध्ये आला. त्याच्या प्रोसेसरात चार गाभे (कोर) आहेत आणि प्रत्येक गाभा सेकंदाला १५० कोटी ठोक्यांचा. जुने १७.९ लाख आणि नवे १५० कोटी यांचा भागाकार येतो साधारण ८३८. म्हणजे जुन्या यंत्राच्या एका ठोक्याचं काम निभावायला नव्या गाभ्याकडे ८३८ ठोके आहेत. सूचना वाचणं, तक्ता पाहणं, नोंदी ठेवणं, चित्र आणि आवाज तयार करणं, सगळं यात आरामात बसतं.

आता सोनीचं १९९४ चं गेमयंत्र, प्लेस्टेशन, घ्या. त्याचा प्रोसेसर ३३.८७ मेगाहर्ट्झचा. हाच भागाकार केला तर हाती ४४ ठोके येतात. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा; तिथे उरतात १६. सोळा ठोक्यांत एकेक सूचना तक्त्यात शोधत बसायला सवड नाही.

मग मोडीच्या जाणकाराची दुसरी पद्धत वापरतात. तेच कागद पुन्हा पुन्हा लागणार असतील तर तो त्यांचं देवनागरीत लिप्यंतर करून ठेवतो. एम्युलेटरही खेळाचा जो भाग वारंवार चालतो, तो बोर्डाच्या स्वतःच्या भाषेत एकदाच उतरवून ठेवतो आणि पुढच्या वेळी ती उतरवलेली प्रतच चालवतो. प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो ६४ या छोट्या बोर्डांवर चालतात, ते या युक्तीमुळे.

५. नाण्याची खूण आणि वेळेची शिस्त

फक्त सूचना पाळणं पुरेसं असतं, तर एम्युलेटर लिहिणं फारसं कठीण नव्हतं. अडचण चित्राशी जोडलेली आहे.

जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवायचा, मग खालची ओळ, आणि असं पूर्ण चित्र सेकंदाला साठ वेळा. यंत्राची चित्रचिप त्या झोताच्या चालीने चालायची. प्रोसेसरच्या एका ठोक्यात झोत तीन ठिपके पुढे जायचा. वरच्या उदाहरणातल्या दोन सूचना चालेपर्यंत पडद्यावर पंधरा ठिपके सरलेले असत.

खेळ लिहिणाऱ्यांनी या चालीचा चतुराईने वापर केला. सुपर मारिओत वरची गुण आणि वेळ दाखवणारी पट्टी स्थिर राहते आणि खालचं जग सरकतं. पण चित्रचिपला पार्श्वभूमी सरकवायची तर सगळीच सरकवता येई. अर्धी स्थिर, अर्धी सरकती अशी सोय नव्हती. मग त्यांनी वरच्या पट्टीतल्या नाण्याच्या चित्राखाली एक हलतं चित्र, म्हणजे स्प्राइट, लपवून ठेवलं. झोत त्या जागी पोचला की चित्रचिप एक खूण उभी करते. प्रोसेसर त्या खुणेची वाट पाहत थांबतो. खूण दिसली, म्हणजे पट्टी रंगवून झाली. आता खालचं जग सरकवायला हरकत नाही.

एखाद्या एम्युलेटरने पूर्ण चित्रापुरत्या सगळ्या सूचना आधी उरकल्या आणि मग निवांत चित्र काढलं, तर काय होईल? खूण उभीच राहणार नाही. प्रोसेसर वाट पाहत बसेल आणि खेळ तिथेच गोठेल. म्हणून एम्युलेटरला प्रोसेसर आणि चित्रचिप यांना हातात हात घालून चालवावं लागतं. ठोक्यांची ती नोंद यासाठीच.

त्या यंत्राच्या उणिवाही अशाच जपाव्या लागतात. एका ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट आले तर जादाचे दिसतच नसत. म्हणून गर्दीच्या प्रसंगी शत्रू लुकलुकायचे. एम्युलेटर तेही हुबेहूब दाखवतो. नको असेल तर बऱ्याच एम्युलेटरांत ही मर्यादा उठवायची सोय असते.

६. सामान आणि जोडणी

रास्पबेरी पाय ४ धरून चाललो तर सामान असं: बोर्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा टाइप-सी अडॅप्टर, ३२ जीबीचं चांगल्या प्रतीचं मायक्रोएसडी कार्ड, मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय केबल, यूएसबीचा गेमपॅड आणि उष्णता बाहेर टाकणारी डबी. पाय ४ वर एचडीएमआयचं तोंड छोटं असतं. टीव्हीची नेहमीची केबल त्यात बसत नाही, हे दुकानातच लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअरसाठी रेट्रोपाय, रिकालबॉक्स, बाटोसेरा आणि लक्का असे मोफत पर्याय आहेत. प्रत्येकात अनेक यंत्रांचे एम्युलेटर आणि खेळ निवडायचा मेनू एकत्र बांधलेला असतो. रेट्रोपाय घेतलं तर क्रम असा:

पहिली पायरी: संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा प्रोग्रॅम घ्या आणि त्यातून रेट्रोपायची इमेज कार्डावर लिहा. फाइल नुसती कॉपी केली तर बोर्ड सुरू होणार नाही. इमेज म्हणजे कार्डाच्या आतल्या मांडणीची संपूर्ण प्रत असते आणि ती तशीच उतरवावी लागते.

दुसरी पायरी: कार्ड, गेमपॅड आणि टीव्ही जोडून शेवटी वीज द्या. पहिल्यांदा सुरू होताना मेनू गेमपॅडची ओळख मागतो. एक बटण दाबून धरा, मग तो विचारेल ती बटणं क्रमाने दाबा. पॅडवर नसलेलं बटण विचारलं, तर कोणतंही बटण दाबून धरलं की तो पुढे जातो.

तिसरी पायरी: पेनड्राइव्हवर ‘रेट्रोपाय’ या नावाचा फोल्डर इंग्रजी लहान अक्षरांत तयार करून तो बोर्डाला लावा. थोड्या वेळाने त्यात प्रत्येक यंत्रासाठी वेगळे उपफोल्डर तयार झालेले दिसतात. पेनड्राइव्ह संगणकावर नेऊन ज्या यंत्राचा खेळ त्याच फोल्डरात टाका आणि पुन्हा बोर्डाला लावा. खेळ आपोआप कार्डावर जातात.

खेळातून बाहेर पडायला सिलेक्ट आणि स्टार्ट एकदम दाबा. बंद करताना मेनूतून बंद करा आणि मगच वीज काढा. कार्डावर लिखाण चालू असताना वीज गेली तर कार्डावरची मांडणी बिघडू शकते. खेळ रुंद टीव्हीभर ताणू नका. चित्राचं प्रमाण चारास तीन ठेवा, नाहीतर मारिओ जाडा दिसतो.

७. अडलं तर कुठे पाहायचं?

पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण दिसली: बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला आहे. अडॅप्टर ५.१ व्होल्टचा आहे आणि बारीक केबलचा रोध ०.२ ओहम आहे, असं समजा. ३ अँपिअर प्रवाहाला केबलमध्येच ०.२ गुणिले ३, म्हणजे ०.६ व्होल्ट खर्च होतात. बोर्डाला उरतात ४.५. मग बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. मोबाइलचा हाताशी असलेला चार्जर लावणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो. एम्युलेटरची सेटिंग बदलण्याआधी अडॅप्टर बदलून पाहा.

थोड्या वेळाने खेळ मंदावला: बोर्ड तापला आहे. सुमारे ८० अंश सेल्सिअसला तो वेग घटवायला लागतो. बंद कपाटात, टीव्हीच्या मागे कोंबून ठेवू नका.

आवाज तडतडतो: ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी वाजतो, म्हणजे एका चित्रामागे ८०० नमुने. चित्राला १६.७ मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला तर पुढचे ८०० नमुने वेळेवर पोचत नाहीत आणि मध्ये खंड पडतो. चित्रातला उशीर डोळ्याला निसटतो, पण कान ही तूट लगेच पकडतात. तडतड हे म्हणूनच बोर्ड मागे पडत असल्याचं पहिलं लक्षण.

आणखी एक बारकावा आहे. मूळ यंत्र सेकंदाला नेमकी साठ चित्रं देत नव्हतं; ६०.०९८८ देत होतं. टीव्ही मात्र साठच दाखवतो. फरक सेकंदाला सुमारे एक दशांश चित्राचा, म्हणजे दर दहा सेकंदांना एक चित्र शिल्लक पडणार. ते टाळायला एम्युलेटर खेळाचा वेग अगदी किंचित उतरवतो आणि आवाज तेवढाच ताणून घेतो. एक टक्क्याच्या पाचव्या भागाहूनही कमी असलेला हा बदल कानाला कळत नाही.

उडी उशिरा पडते: बोर्डापेक्षा टीव्हीवर आधी संशय घ्या. आजचे टीव्ही चित्र सुंदर करायला ते थोडा वेळ अडवून ठेवतात. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ ही प्रक्रिया बंद करतो.

‘डक हंट’ची बंदूक लागत नाही: लागणारही नाही. चाप ओढला की तो खेळ क्षणभर पडदा काळा करायचा आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवायचा. बंदुकीच्या नळीतला संवेदक तो उजेड ठरल्या क्षणी शोधायचा. सपाट टीव्हीवर उजेड उशिरा येतो, शिवाय त्याची जात काचेच्या टीव्हीच्या झोतासारखी नसते. बंदुकीऐवजी माउस वापरणं, हा त्यावर साधा उपाय.

८. खेळ आणायचे कुठून?

वरच्या कोणत्याही मोफत सॉफ्टवेअरबरोबर निन्टेन्डो वा सेगा या कंपन्यांचे बाजारात विकले गेलेले खेळ मिळत नाहीत, आणि त्याला कारण आहे. एम्युलेटर ही एक गोष्ट, खेळ ही दुसरी. कनेक्टिक्स या कंपनीने १९९९ मध्ये मॅक संगणकावर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा प्रोग्रॅम विकायला काढला, तेव्हा सोनीने तिच्यावर दावा केला. २००० मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. यंत्राचं काम अभ्यासून त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे चोरी नव्हे, ही भूमिका त्यातून पक्की झाली. खेळांवरचा मालकी हक्क मात्र तसाच राहतो.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ संगणक प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती प्रत हरवण्या-बिघडण्याच्या भीतीपोटी, स्वतःच्या वापरापुरती जादा प्रत करायची सवलत देतं. ही सवलत कायदेशीर प्रतीपुरती आहे. शेकडो खेळ भरलेली, मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय बनलेली कॅसेट दाखवून ती मागणं अवघड. हजारो खेळ आधीच भरलेली विकत मिळणारी कार्डं तर त्यात अजिबात बसत नाहीत.

सरळ वाट वेगळीच आहे. या जुन्या यंत्रांसाठी आजही नवे खेळ लिहिले जातात. २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ हा चार जणांनी खेळायचा खेळ ४० किलोबाइटमध्येच बसवलेला आहे आणि त्याची फाइल रीतसर विकत मिळते. एनईएससाठीचा ‘नोव्हा द स्क्विरल’ आणि गेम बॉयसाठीचा ‘टोबू टोबू गर्ल’ हे तर मोफत आहेत, आणि त्यांचा मूळ प्रोग्रॅमही खुला आहे.

९. मग कोणता बोर्ड घ्यावा?

निन्टेन्डोने नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘एनईएस क्लासिक’ नावाची तीस खेळांची छोटी डबी काढली. तिच्या आत काय होतं? जुन्या चिपा नव्हे; चार गाभ्यांचा एक साधा मोबाइल जातीचा प्रोसेसर आणि त्यावर चालणारा एम्युलेटर. म्हणजे मूळ कंपनीनेही तेच केलं, जे आपण वर पाहिलं. त्या प्रोसेसरचे गाभे रास्पबेरी पाय ४ च्या गाभ्यांहून कितीतरी हलके होते.

यातून निवड सोपी होते. फॅमिकॉम, गेम बॉय आणि सेगाचा मेगा ड्राइव्ह एवढंच खेळायचं असेल तर पाय झीरो २ डब्ल्यू किंवा पाय ३ पुरेसा आहे. प्लेस्टेशनही हवा असेल तर पाय ४ घ्या. निन्टेन्डो ६४ मनात असेल तर पाय ४ वर काही खेळ चांगले चालतील आणि काही रुसतील, हे गृहीत धरा, नाहीतर पाय ५ कडे वळा. तिथे सॉफ्टवेअर निवडताना ते पाय ५ साठी तयार आहे की नाही, हे आधी पाहा. उरलेल्या पैशांत महागडी डबी घेण्यापेक्षा चांगला अडॅप्टर आणि चांगलं कार्ड घ्या.

थोडक्यात, खरेदीला निघण्यापूर्वी कागदावर खेळांची यादी करा. यादीतला जो खेळ सर्वांत नव्या यंत्राचा असेल, त्या यंत्राच्या वेगाने बोर्डाचा वेग भागा. भागाकार शेकड्यात आला तर निर्धास्त राहा; दोन आकडी आला तर विकत घेण्याआधी तो खेळ त्या बोर्डावर चालताना डोळ्यांनी पाहा.